एकेचाळीस शून्यं

यंत्रांवर विश्वास न ठेवणं हीच प्रणिता कोळेकरची नोकरी होती. तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बावीस खोल्या होत्या आणि दर खोलीत सहा सेन्सर. रोज सकाळी हातात प्रमाण तापमापक घेऊन, यातला कुठला खोटं बोलतोय हे शोधत ती फिरायची. आठ वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. उलटसुलट आकडे दाखवणारा सेन्सर लगेच सापडतो. घात करतो तो दुसरा, जो शहाण्या मुलासारखा एकच आकडा धरून बसतो. चालत्या खोलीचं तापमान कधी स्थिर नसतं. दार उघडतं, हमाल पेट्या घेऊन आत येतात, कॉम्प्रेसर थांबतो, सुरू होतो. आकडा थोडा तरी हलायलाच हवा. हलत नसेल तर समजायचं, आत कुणी मोजतच नाहीये.

त्या गुरुवारी तिला असला एक सेन्सर सापडला, तो तिच्या स्वतःच्या दंडात.

डाव्या दंडाच्या कातडीखाली तांदळाच्या तीन दाण्यांएवढी एक कुपी होती. ‘सोबती’ हे तिचं नाव. तिच्या एका कप्प्यात एचआयव्हीवरचं औषध होतं. बारीक छिद्रांच्या पडद्यातून ते वर्षभर, दिवसरात्र, अंगात झिरपत राहायचं. दुसऱ्या टोकाला केसाएवढी एक फीत होती. कातडीखालच्या पाझरात विषाणूच्या जनुकांचे तुकडे सापडतात का, हे ती फीत बघायची आणि रोज सकाळी मोबाईलवर कळवायची. हिरवा दिवा लागायचा आणि खाली शब्द उमटायचे, ‘विषाणू आढळला नाही.’

विषाणू संपलेला नसतो, हे प्रणिताला ठाऊक होतं. तो पेशींच्या आत दडून बसतो. औषध चालू असेतो त्याला वाढता येत नाही. आणि रक्तात मोजण्याइतकाही उरला नाही, की शरीरसंबंधांतून तो जोडीदाराला लागत नाही. हे शास्त्र ती लहान होती तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण औषध आटलं, तर दोन-चार आठवड्यांत तो पुन्हा बाहेर पडतो.

तिला हा आजार जन्मतःच मिळाला होता. आईवडील कळत्या वयाआधीच गेले. कवठेमहांकाळच्या मावशीनं तिला वाढवलं. मेथीदाण्यांच्या डब्यात लपवलेली गोळी रोज रात्री आठच्या ठोक्याला, लग्नघर असो की सहल, मावशी काहीतरी निमित्त काढून तिच्या तळहातावर ठेवायची. मावशी गेल्यावर प्रणितानं स्वतः तो नेम पाळला. एकही गोळी चुकवली नाही. तीन वर्षांपूर्वी, लग्नाच्याच साली, सोबती आली आणि गोळ्या सुटल्या. दर वर्षी जुनी कुपी काढून नवी बसवायची, की झालं. आताची सातव्या महिन्यात होती.

आणि रविवारी घरीच केलेल्या चाचणीवर दोन रेघा उमटल्या होत्या. प्रणिताला दिवस गेले होते.

म्हणूनच त्या गुरुवारी तिला नुसत्या हिरव्या दिव्यावर समाधान मानवेना. सोबतीच्या ॲपमध्ये दुरुस्तीवाल्यांसाठीचं एक पान असतं. कुतूहलापोटी तिनं ते कधीच शोधून ठेवलं होतं. दिव्याच्या मागचे कच्चे आकडे तिथे दिसायचे. वीसच्या आतला कुठलाही आकडा म्हणजे हिरवा. पूर्वी तिनं पाहिले होते तेव्हा ते आकडे नाचरे होते. तीन, पाच, दोन, सहा, परत तीन. आता तिनं पान उघडलं.

शून्य. काल शून्य. परवा शून्य. ती मागे मागे जात राहिली. सलग एकेचाळीस दिवस शून्य.

चौदा नंबरच्या खोलीच्या दाराशी उभ्या उभ्या तिनं ती सगळी शून्यं परत एकदा मोजली. तिनं त्या पानाचे फोटो काढून ठेवले. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

* * *

सांगलीतल्या सोबती दवाखान्यात डॉक्टर सबनीस म्हणून एक गोड बोलणारे गृहस्थ होते. तिचं सगळं ऐकून त्यांनी तिचा मोबाईल हातात घेतला, हिरवा दिवा बघितला आणि हसले.

“अभिनंदन! आई होणार आहात तुम्ही. आणि शून्य म्हणजे तर उत्तमच की. तक्रार कसली आहे यात?”

“डॉक्टर, शून्य येतंय ही तक्रार नाही. हलत नाही ही तक्रार आहे.”

“औषध छान काम करतंय, असा त्याचा अर्थ.”

“मागची दोन वर्षंही छान काम करत होतं. तेव्हा आकडा हलायचा.” प्रणितानं आवाज शांत ठेवला. “मला बाकी काही नको. एकदा जुन्या पद्धतीनं रक्त काढून विषाणूची मोजणी करा.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “त्याची गरज नाही. सोबती असलेल्या पेशंटची रक्ताची मोजणी आपण करत नाही, तशी पद्धत नाही. आणि असं बघा, या दिवसांत मन फार चळतं. नको नको त्या शंका येतात.”

त्यांनी तिच्या दंडाला हातसुद्धा लावला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. ती उठली. दारापर्यंत गेली. तेव्हा मागून, सहज विचारावं तसा प्रश्न आला.

“कोळेकर मॅडम, या विषयावर आणखी कुणी बोललं का तुमच्याशी? दुसरं कुणी पेशंट वगैरे?”

“नाही,” ती म्हणाली.

जिन्यावरून उतरताना तिला तो प्रश्न टोचायला लागला. काही घडलंच नसेल, तर दुसरं कुणी बोलेल कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपनं आपणहून अपडेट घेतलं होतं. हिरवा दिवा आता अधिक मोठा आणि देखणा झाला होता. दुरुस्तीवाल्यांचं पान मात्र उघडेना. जिथे आकडे होते तिथे फक्त एक कुलूप दिसत होतं.

* * *

तिचा नवरा अभिनंदन मगदूम सांगलीच्या एका शाळेत खेळ शिकवायचा. सरळ, कमी बोलणारा, कबड्डीच्या मैदानावर मात्र घसा बसेपर्यंत ओरडणारा माणूस. प्रणिताचा आजार त्याला लग्नाच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. बाळाची बातमी कळल्यापासून तो घरात शीळ घालत फिरत होता.

त्याला सांगावं, असं तिला तीन वेळा वाटलं आणि तिन्ही वेळा जीभ उचलली नाही. खात्री काय होती तिच्याकडे? काही फोटो, एक प्रश्न, एक कुलूप. पण ती त्याच्यापासून लांब झोपायला लागली. त्यानं खांद्यावर हात ठेवला की अंग आक्रसून घ्यायची. गेल्या एकेचाळीस दिवसांतला एकेक दिवस मनात मोजून झाला होता. त्यातल्या कितीतरी रात्री ते नवराबायकोसारखे राहिले होते, बेफिकीर, हिरव्या दिव्याच्या भरवशावर.

“काय झालंय तुला?” शनिवारी सकाळी त्यानं विचारलंच. “मी काही बोललो का?”

“काही नाही. मळमळतंय.”

“मळमळणारी माणसं नवऱ्याकडे अशी बघत नाहीत, प्रणिता. चोराकडे बघावं तशी बघायला लागलीयस.”

तो शाळेच्या मैदानावर निघून गेला. दुपारी त्याचा एक गणवेश धुवायला काढावा म्हणून तिनं त्याची खेळाची पिशवी उलटी केली. गुडघ्याच्या पट्ट्या पडल्या, आयोडेक्स पडलं, आणि मोज्याच्या आत गुंडाळलेली एक गोळ्यांची पट्टी पडली. निम्मी रिकामी.

पाठीमागचं नाव तिला वाचावंही लागलं नाही. तिचं सगळं लहानपण त्या गोळीच्या भावंडांबरोबर गेलं होतं. ते औषध एचआयव्हीचं होतं.

ती तिथेच फरशीवर बसली. आता सगळं जुळायला लागलं. महिन्याकाठी एका शनिवारी ‘मिरजेला काम आहे’ म्हणून त्याचं जाणं. ‘कसलं काम?’ म्हटलं की ‘क्रीडा संघाचं’ एवढंच उत्तर. म्हणजे याला लागण झाली आहे. आपल्याकडून झाली आहे. आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून हा एकटा गोळ्या घेत बसलाय. की अजून काही निराळंच आहे? दुसरी कुणी बाई? संशयाला एकदा दार मिळालं की तो घरभर फिरतो. अर्ध्या तासात तिनं नवऱ्याबद्दल असे विचार केले की पुढे कित्येक दिवस तिला स्वतःची लाज वाटत राहिली.

तिनं पट्टी पर्समध्ये टाकली आणि मिरजेची बस पकडली.

* * *

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या मिरजेच्या सरकारी एआरटी केंद्रात आता पूर्वीसारखी गर्दी नसायची. बहुतेकांच्या दंडात सोबती होती. पण समुपदेशक मुजावर मॅडम तिथेच होत्या. निवृत्तीला वर्ष उरलेल्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणाऱ्या. सहा वर्षांच्या प्रणिताला गोळी कशी गिळायची ते त्यांनीच शेंगदाणे घेऊन शिकवलं होतं.

सगळं ऐकून घेताना त्यांनी एकदाही ‘असं काही नसेल गं’ म्हटलं नाही. नुसतं तिचं मनगट धरून ठेवलं.

“बाळा, रक्त दे. मशीन दोन तास घेईल. बोलायचं ते नंतर बोलू.”

ते दोन तास प्रणितानं भिंतीवरचे तक्ते वाचत काढले. मग मॅडमनी आत बोलावलं आणि कागद तिच्या पुढ्यात ठेवला. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये अडतीस हजार विषाणू.

शून्य नव्हते. वीस नव्हते. अडतीस हजार.

“औषध बंद झालंय,” मॅडम म्हणाल्या. “पडद्याची छिद्रं बुजली असणार. आणि त्या फितीवर शरीरातली प्रथिनं साचली की तिला काही दिसत नाही.”

“दिसत नाही तर तसं सांगायला हवं होतं तिनं. ‘मोजता येत नाही’ म्हणून तांबडा दिवा लावायला हवा होता.” प्रणिताचा आवाज चढला. “आमच्या कोल्ड स्टोरेजचं दोन दमडीचं यंत्रसुद्धा तेवढं करतं. या यंत्राला, बघितलं आणि नाही सापडलं, किंवा बघताच आलं नाही, या दोन्हीला एकच हिरवा रंग दिलाय!”

“ओरड. ओरडून घे.” मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. “आणि आता नीट ऐक. आठवा आठवडा आहे ना? पुष्कळ वेळ आहे हातात. आजपासून नवी औषधं सुरू करायची. दोन-तीन महिन्यांत विषाणू खाली आला आणि तसाच राहिला, तर बाळाला काही होत नाही. शेकड्यात एखाद्यालाही क्वचित. माझ्या हातून आजवर कितीतरी बाळं सुखरूप घरी गेली आहेत. तुझी कुपी काढून तपासणीला पाठवू.”

प्रणितानं पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली. “आणि हे? अभिनंदन इथे येतो ना? त्याला झालंय ना?”

मॅडमनी पट्टीकडे पाहिलं. मग चष्मा काढून पुसायला घेतला. “दुसऱ्याबद्दल मी बोलू शकत नाही. तुझ्याबद्दल तरी कुणाला कधी बोलले का? त्याला बोलाव. तोच सांगेल.”

* * *

अभिनंदन तसाच मैदानावरून आला, शिट्टी गळ्यात अडकवलेली. टेबलावरची पट्टी बघितली आणि दारातच थांबला.

“तुला झालंय?” प्रणितानं विचारलं.

“नाही.”

“खोटं बोलू नकोस.”

“नाही म्हटलं ना. ती न होण्यासाठीची गोळी आहे.” तो समोरच्या खुर्चीवर बसला, पण तिच्याकडे बघेना. “ज्याला आजार नाही त्यानं रोज एक घ्यायची. लग्नाआधी मी एकटा इथे आलो होतो. मॅडम म्हणाल्या, तिचा विषाणू दबलेला आहे, तुला गोळीची गरज नाही. तरी भीती वाटत असेल तर घे.” त्यानं पट्टी उचलून हातात घेतली. “मला भीती वाटत होती.”

“तीन वर्षं?”

“रोज.”

“रोज माझ्या शेजारी झोपून, सकाळी उठून तो दिवा बघून ‘झकास’ म्हणायचास. आणि तोंड फिरवून गोळी घ्यायचास.”

“तुझ्यावर संशय नव्हता, प्रणिता.”

“मग कुणावर होता?”

त्यानं गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. मुजावर मॅडम केव्हाच बाहेर निघून गेल्या होत्या. प्रणितानं तो अडतीस हजारांचा कागद त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो वाचला, परत वाचला. तिला वाटलं आता हा स्वतःचा विचार करणार. पण त्यानं विचारलं ते दुसरंच.

“बाळाचं काय?”

तेव्हा तिला रडू फुटलं.

त्याचंही रक्त तपासलं. अँटीबॉडीची चाचणी झाली, विषाणूची झाली. दोन्ही स्वच्छ. महिन्यानं पुन्हा करायची होती आणि तीही पुढे स्वच्छच आली. परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. रागवावं, तर त्याच गोळ्यांनी त्याला वाचवलं होतं. आभार मानावे, तर त्या प्रत्येक गोळीबरोबर त्यानं तिच्या विश्वासाचा एक घोट घेतला होता. प्रणिताला ठरवता येईना. आणि तिनंही तीन दिवस त्याच्यापासून सगळं लपवलंच होतं की. सांगली येता येता ती एवढंच म्हणाली,

“यापुढे दोघांनी समोरासमोर घ्यायच्या. तू तुझी, मी माझी.”

“बरं,” तो म्हणाला.

* * *

खरा पेच आठवडाभरानं समोर आला. काढलेल्या कुपीवरचा बॅच नंबर घेऊन मुजावर मॅडमनी वरपर्यंत तक्रार केली होती. सोबती बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. ‘सदर उत्पादनात दोष आढळलेला नाही. अंतर्गत पडताळणी सुरू आहे.’

“त्याच बॅचमधल्या कुप्या तीन जिल्ह्यांत दोनशेवर लोकांना बसवल्या आहेत,” मॅडम म्हणाल्या. “सरकारी चौकशी लागेल, नाही असं नाही. पण तीन-चार महिने जातील.”

“तोवर लोकांना कळवा ना.”

“कुणाला कळवू? नावं कंपनीकडे. रुग्णाचं नाव फोडायचं नाही हा कायदा, आणि तो कायदा यावा म्हणून मीच मोर्चात चालले होते, बाळा. पेपरात बारीक सूचना दिली मी. कोण वाचतं? आणि ज्याच्या मोबाईलवर रोज हिरवा दिवा लागतोय, तो तपासायला येईल कशाला?”

प्रणिता घरी आली, पण दोन दिवस तिच्या डोक्यात तेच दोनशे लोक होते. त्या दोनशेंतला कुणी नुकता लग्न झालेला असेल. कुणी बाई अंगावर पाजत असेल. दिवा बघून ‘झकास’ म्हणत असेल.

“मी मोबाईलवर व्हिडिओ करून बोलणार आहे,” तिनं अभिनंदनला सांगितलं. “चेहरा दाखवून. नाव सांगून.”

तो ताडकन उठला. “वेडी आहेस का? चेहरा झाकून बोल. आवाज बदलून बोल.”

“झाकलेल्या चेहऱ्यावर कोण विश्वास ठेवेल? अशा अफवा रोज दहा येतात. मी नाव, गाव, बॅच नंबर सांगितला तर निदान एखादा विचार करेल, की ही बाई उगाच स्वतःचं वाटोळं कशाला करून घेईल.”

“आणि आई?”

इतकी वर्षं हा प्रश्न दोघांनी टाळला होता. अभिनंदनची आई नांद्र्याला राहायची. तिला काहीच माहीत नव्हतं.

“तिला आधी सांगू,” प्रणिता म्हणाली. “मोबाईलवरून कळायच्या आधी.”

रविवारी ते नांद्र्याला गेले. पद्माबाई दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या जुन्या वळणाच्या जैन बाई. पाचलाच ताटं वाढून झाली होती. प्रणितानं जेवणाआधीच सांगितलं, अडखळत पण सगळं. जन्मापासूनचं, कुपीचं, बाळाचं, आणि आता काय करणार त्याचंही. पद्माबाई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिल्या. मग मुलाकडे वळल्या.

“तुला ठावं होतं?”

“होय.”

“लगीन व्हायच्या आधी?”

“होय, आई.”

“मग तुझा मला राग हाय,” त्या म्हणाल्या. “हिनं लपवलं ते भीतीनं. तू कशाला लपवलंस? आईला कळत न्हाई असं वाटलं व्हय तुला?”

हातातला तुकडा त्यांनी ताटात परत ठेवला. जेवल्याही नाहीत. प्रणिताला वाटलं, संपलं. पण निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि सुनेच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवत पुटपुटल्या, “मळमळीला बरं असतं. ते तुझं बोलायचं झालं की मला फोन कर. गावातली लोकं विचारतील, मला उत्तर द्यायला पायजे.”

* * *

प्रणिताचं बोलणं दोन मिनिटांचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ उभं राहून तिनं सांगितलं: “मी प्रणिता कोळेकर. मी जन्मापासून एचआयव्हीसह जगतेय. माझ्या सोबतीनं एकेचाळीस दिवस मला खोटं सांगितलं. तिचा नंबर खाली दिलाय. तुमच्या कार्डावर हाच नंबर असेल तर दिव्याकडे बघू नका. रक्त तपासा. तोवर जोडीदाराला जपा, निरोध वापरा. सोबती वाईट आहे म्हणून औषध सोडू नका, सरकारी केंद्रात गोळ्या मिळतात. मी उद्यापासून रोज दुपारी मिरजेच्या केंद्राबाहेर बाकावर बसणार आहे. एकट्यानं आत जायची भीती वाटली तर माझ्याबरोबर चला.”

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या जिल्ह्यात फिरलं. कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरनं ‘चार दिवस घरीच थांबा’ म्हणून निरोप दिला. चार वर्षं जिच्या डब्यातलं प्रणिता खात होती त्या कामावरच्या बाईनं फोन उचलला नाही. अभिनंदनच्या शाळेत दोन पालक भांडायला आले. कुणी लिहिलं, प्रसिद्धीसाठी करतेय. कुणी लिहिलं, कंपनीच्या वाईटावर टपलेल्यांनी हिला पुढे केलंय. ती सगळं वाचायची आणि प्रत्येक नावामागे कोण असेल याचा तर्क करत बसायची. अखेर अभिनंदननं मोबाईल काढून घेतला.

पहिल्या दिवशी बाकावर कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक माणूस डोक्यावरचं हेल्मेट न काढता समोरून तीनदा गेला आणि चौथ्यांदा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून सोबतीचं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. नंबर तोच होता. प्रणिता उठली, तसा तोही उठला.

आठवडा संपेपर्यंत सतरा जण आले. त्यांतल्या अकरा जणांचं औषध आटलेलं होतं.

त्या अकरा कागदांपुढे मात्र दोन ओळींचं उत्तर पुरेना. कुप्या परत मागवल्या गेल्या, चौकशी लवकर लागली. डॉक्टर सबनीसांना कंपनीचं पत्र प्रणिता दवाखान्यात गेली त्याच्या दोन आठवडे आधी आलं होतं, हेही त्यात उघड झालं. तक्रार आली तर रक्त तपासू नये, आम्हाला कळवावं, असं त्यात होतं. शेवटचा हिशेब लागला तेव्हा कळलं, की चौसष्ट जण हिरव्या दिव्याखाली विनाऔषध फिरत होते आणि नऊ जोडीदारांना लागण झाली होती. दहावा अभिनंदन असता.

प्रणिताचा विषाणू नवी औषधं सुरू झाल्यापासून अकराव्या आठवड्यात मोजणीच्या खाली गेला. दर महिन्याला ती स्वतः रक्त देऊन तो कागद हातात घ्यायची. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी तिला तीन महिन्यांनी परत बोलावलं. सात नंबरच्या खोलीतला एक सेन्सर शहाण्यासारखा चार अंशांवर बसून होता आणि तिच्या जागी आलेल्या माणसाला ते कळलं नव्हतं. डबा मात्र ती आता बहुतेक एकटीच खाते.

मुलगी झाली. तिचं नाव आर्या. जन्मल्यावर, सहाव्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात, दर वेळी तिच्या टाचेतून रक्त काढताना प्रणिता डोळे मिटून घ्यायची. दीड वर्षानं शेवटची चाचणी झाली. तीही स्वच्छ आली. मुजावर मॅडम निवृत्त झाल्या होत्या, तरी त्या दिवशी मुद्दाम पेढे घेऊन आल्या होत्या.

केंद्राच्या व्हरांड्यात आर्याला कडेवर घेऊन प्रणिता उभी असताना एक बाई जवळ आली. तिशीतली, हिरव्या साडीतली, अनोळखी. बराच वेळ ती लांबून बघत होती, हे प्रणितानं हेरलं होतं.

“तुम्हीच ना त्या? मोबाईलवरच्या?”

“हो.” प्रणिता सावध झाली.

“तुमच्यामुळं माझा नवरा तपासायला आला. तेव्हा कुठं मला कळलं की त्याला हे आहे. लग्नाला सहा वर्षं झाली होती, एका शब्दानं बोलला नव्हता.” बाईचा आवाज कोरडा होता. “आठ दिवस मी तुमच्या नावानं बोटं मोडत होते. त्याच्या नाही. तुमच्या.”

प्रणितानं आर्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. आतून नर्सनं हाक मारली. आर्याची नोंद बंद करायची होती, वहीत आईची सही हवी होती.

“मग माझी तपासणी झाली,” बाई म्हणाली. “मला काही नाही. आता आम्ही दोघं महिन्याला येतो. तो आत आहे.” तिची नजर आर्यावर होती. “तुम्ही सही करून या. मी घेऊ का हिला?”

प्रणितानं तिच्याकडे पाहिलं. साडीकडे, हातांकडे, परत चेहऱ्याकडे. जन्माची सवय कुठे जाते. ही पोरीला घेईल आणि मग नळावर हात धुवायला जाईल का, हा विचार तिच्या मनात येऊन गेलाच.

मग तिनं आर्याला त्या बाईच्या हातात दिलं आणि वहीतून मुलीचं नाव कमी करायला ती आत गेली.